वसंतरावांच्या बारा मशिनी

मला आधी एक सांगा मंडळी. बाजारात नवी वस्तू आली, तर विश्वास कुणावर ठेवायचा? जो विकतो त्याच्यावर, जो शिकवतो त्याच्यावर, की ज्याने काल घेतली आणि आज बोंबलतोय त्याच्यावर? इतकी वर्षं काउंटरच्या आत बसलोय, पण उत्तर काही सापडलं नाही. किस्से मात्र ढिगाने साठले. टाइपरायटर विकत होतो तेव्हा वर्षाकाठी एखादा किस्सा घडायचा. कॉम्प्युटर विकायला लागलो आणि रोज एक! कारण टाइपरायटर कसा चालतो हे गिऱ्हाइकाला ठाऊक असायचं. कॉम्प्युटर कसा चालतो हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही नसायचं!

माझं दुकान सांगलीत. शाळा नववीला सुटली. पुढचं इंग्रजी मी टाइपरायटरच्या खोक्यातल्या पुस्तिका डिक्शनरी घेऊन वाचत शिकलो. नव्वदीची सुरुवात होती. त्या वेळी या धंद्यात तीन पार्ट्या होत्या. डॉसवाले, म्हणजे काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. विंडोजवाले, म्हणजे रंगीत पडदा आणि हातात माउस. आणि मोठ्या कचेऱ्यांतले युनिक्सवाले, जे बाकीच्या दोघांशी बोलतच नसत. प्रत्येकाचा टायपिंगचा प्रोग्राम वेगळा, तक्त्यांचा वेगळा. एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडायची नाही. मग कंपन्यांनी दोन-तीन प्रोग्राम एकाच खोक्यात घालून ऑफिसचा संच म्हणून विकायला काढला, आणि खरी मारामारी तिथून सुरू झाली.

* * *

संचाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे आदगोंडा पाटील, हळदीचे व्यापारी. आमच्याच जैन समाजातले, नात्याने काका लागायचे. खोकं हातात घेऊन त्यांनी ते कानाशी हलवून बघितलं.

"यात काय काय हाय रं?"

"काका, एक टायपिंगचा प्रोग्राम, एक तक्त्यांचा आणि एक सभेत चित्रं दाखवायचा."

"मला पत्रं लिहायची न्हाईत, सभा घ्यायची न्हाई. तक्ता तेवढा दे. बाकीचे दोन काढून घे आणि पैसे कमी कर!"

"अहो, सुटं मिळत नाही. संच आहे तो."

"खानावळीत एक वाटी नको म्हटलं तर तो बी दोन रुपये सोडतो की! तुझी कंपनी खानावळीपेक्षा मोठी व्हय?"

अर्धा तास घासाघीस झाली. शेवटी अख्खा संच घेऊन गेले. आठवड्याने परत आले ते हसतच. म्हणाले, "ती चित्रं दाखवायची वस्तू लय झ्याक हाय गड्या! नातवंडं उठत न्हाईत तिच्यापुढनं. तो तक्ता तेवढा परत घे आणि त्याचे पैसे दे!"

* * *

साताऱ्याकडच्या एका दूध संघाला मी मशिनी दिल्या होत्या. तळमजल्यावर हिशेबखातं, तिथे युनिक्स. वरच्या मजल्यावर मॅनेजरांचं ऑफिस, तिथे डॉस. दोन्ही ऑर्डरी माझ्याच. वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या मॅनेजरांनी दिलेल्या. मी कशाला नाही म्हणू?

एकदा सहज गेलो तर बघतो काय! खालचा क्लार्क पत्र टाइप करतोय, प्रिंट काढतोय. शिपाई तो कागद घेऊन जिना चढतोय. वरचा क्लार्क तोच कागद समोर ठेवून तेच पत्र पुन्हा टाइप करतोय. मग त्यात मॅनेजर एक शब्द बदलणार आणि कागद परत खाली!

शिपाई पन्नाशीचा, पायाने जरा अधू. जिन्यावर मला थांबवून म्हणाला, "शेठ, ह्या दोन मशिनी एकमेकींशी बोलत न्हाईत म्हणं?"

म्हटलं, "नाही बोलत."

"बरं हाय," तो म्हणाला. "ज्या दिवशी बोलतील त्या दिवशी माझी नोकरी गेली. तवर असूं द्या तुमचं भांडण!"

त्या वेळी मी खूप हसलो होतो. चार-पाच वर्षांनी त्या मशिनी बोलायला लागल्या.

* * *

आता वसंतराव कांबळे. ज्यांच्यासाठी मी हे सगळं सांगायला बसलोय ते हेच.

मूळचे कोरेगावचे. लष्करात हवालदार क्लार्क म्हणून सोळा वर्षं काढली, पेन्शन घेऊन आले आणि साताऱ्यात टायपिंगचा क्लास काढला. वडिलांनी धम्म घेतला तेव्हा गावकीचं काम सोडलं आणि पोराला पाटी दिली, हे ते मोठ्या अभिमानाने सांगायचे. "जय भीम, शेठ!" म्हणून दुकानात शिरायचे ते ताठ, बुटांना पॉलिश, खिशाला पेन.

मी त्यांना पहिले चार कॉम्प्युटर दिले. डॉस आणि त्यावर वर्डस्टार नावाचा टायपिंगचा प्रोग्राम. पोरं-पोरी तीस, मशिनी चार, वर विजेचं भारनियमन. दुसऱ्या कुणी हात टेकले असते. वसंतरावांनी काय करावं? पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढले, प्रत्येकाच्या मांडीवर एकेक दिला, आणि पाढे म्हणतात तशा कमांडा म्हणायला लावल्या! लष्करी सुरात. ब्लॉक म्हणजे उचलून दुसरीकडे न्यायचा मजकूर.

"कंट्रोल के बी!" हे ओरडायचे.

"ब्लॉक सुरू!" तीस गळे.

"कंट्रोल के के!"

"ब्लॉक बंद!"

"कंट्रोल के डी!"

"सेव्ह करून बाहेर!"

बाण दाखवणाऱ्या बटणांना हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. हात जागेवरून हलला की वेळ जातो. कंट्रोल एस म्हणजे एक अक्षर मागे, कंट्रोल ए म्हणजे एक शब्द मागे, कंट्रोल एक्स म्हणजे एक ओळ खाली. डोळे कागदावर, बोटं आपोआप. तीन महिन्यांत पोरं अशी तयार व्हायची की पडद्याकडे बघायची गरजच नाही.

घरमालकीण खालच्या मजल्यावर राहायची. तिने जन्मात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. एकदा मी वर बसलो होतो. वर्गाची लय चुकली, एक ओळ गाळून पोरं पुढे गेली. खालून तांदूळ निवडता निवडता म्हातारी ओरडली, "आवं हवालदार, के के ऱ्हायलं की! ब्लॉक उघडाच हाय पोरांचा!"

वसंतराव टाचा जुळवून खिडकीत उभे राहिले. म्हणाले, "थँक यू मावशी! फिरसे! शुरू से!"

त्यांची पोरं कोर्टात लागली, बँकांत लागली, दूध संघात लागली. साताऱ्यातल्या कचेऱ्यांत कुणी न बघता टाइप करताना दिसलं की ओळखायचं, हा कांबळे सरांचा.

* * *

सांगलीकडच्या एका साखर कारखान्याने सगळं ऑफिस नव्याने करायचं ठरवलं. गुढीपाडव्याच्या जरा आधीची गोष्ट. संचालकांच्या बैठकीत मी दोन कोटेशनं घेऊन गेलो. एक डॉसच्या संचाचं, स्वस्त. एक विंडोजच्या संचाचं, महाग. नुकताच पुण्याच्या वितरकाकडून आलो होतो. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "शेठ, डॉसचा माल काय असेल तो उन्हाळ्यात काढून टाका. दिवाळीनंतर कुणी फुकट नेणार नाही."

बैठकीत तास दीड तास चर्चा. कुठली फाइल कुठे उघडते, कुणाचा तक्ता मोठा, प्रिंट कुणाची सुबक. निम्मे संचालक पेंगायला लागले. शेवटी एक जुने संचालक, तोंडात पान, मला म्हणाले, "माझा भाचा म्हणत होता विंडोजमध्ये पत्ते हाईत. खरं का?"

म्हटलं, "आहेत. एकट्याने खेळायचा डाव."

"डॉसमध्ये?"

"नाहीत."

"मग ठराव मांडा की! कवाचं गुऱ्हाळ लावलंय!"

टाळ्या पडल्या, विंडोज मंजूर. चहाबरोबर चेअरमन मला म्हणाले, "आणि ह्याच्यापुढं टायपिस्ट घ्यायचे तर परीक्षा ह्याच मशिनीवर. काय?"

मी म्हणालो, "अगदी बरोबर, साहेब."

* * *

पाडव्यानंतर महिन्याभरात वसंतराव सांगलीला आले. क्लासला गर्दी मावत नव्हती. म्हसवड, खंडाळा, कुठून कुठून पोरं येत होती. पेन्शनीतली काही रक्कम त्यांनी एकदम उचलली होती. आणखी बारा मशिनी घ्यायच्या म्हणत होते.

काउंटरवर चहा आला. तो पिता पिता म्हणाले, "शेठ, एक विचारू? जो तो विंडोज विंडोज करतोय. मला त्यातलं कळत न्हाई. घेऊ का थांबू? तुमी सांगाल तसं."

माझ्या गोडाऊनमध्ये डॉसच्या चौदा मशिनी धूळ खात पडल्या होत्या. अशा की त्यांच्यावर पुढे विंडोज चढवायचं म्हटलं तरी चढणार नाही.

मी म्हणालो, "वसंतराव, सरकारी कचेऱ्या दहा वर्षं डॉस सोडत नाहीत. तुमची पोरं कचेऱ्यांतच जातात ना?"

ते मला अर्धं खरं वाटत होतं. उरलेलं अर्धं गोडाऊनमध्ये होतं.

"तुमी म्हणताय म्हंजे झालं," ते म्हणाले. बारा मशिनी त्यांनी अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर घेतल्या. वर्गात नारळ मीच फोडला. घरमालकिणीने प्रत्येक मशिनीला हळद-कुंकू लावलं आणि मला म्हणाली, "आता पुठ्ठे जाळायचे का वो?" वसंतराव म्हणाले, "ठेवा मावशी, लाइट गेल्यावर लागत्याल." सगळे हसले. मीही हसलो.

* * *

पावसाळा संपता संपता कारखान्याची टायपिस्टची जाहिरात आली. परीक्षा कुठल्या मशिनीवर, ते तीत लिहिलं नव्हतं. वसंतरावांचे चौदा विद्यार्थी परीक्षेला बसले. त्यांच्यात सुनंदा होती. म्हसवडची, घोंगड्या विणणाऱ्या घरातली. बाप मागावर, ही लहानपणापासून त्याच्या शेजारी. बोटं अशी की वसंतराव पाहुण्यांना वर्गात आणून दाखवायचे. साताऱ्यात मावशीकडे राहून शिकत होती, आणि ही नोकरी लागली तर धाकट्या भावाची शाळा चालू राहणार होती.

मशिनी माझ्या, म्हणून परीक्षेच्या दिवशी मी हॉलमध्ये. काही बिघडलं तर बघायला.

पोरं आत आली आणि रंगीत पडदे बघून जागीच थबकली. माउस कुणी उचलून बघितला, कुणी बाजूला सारला. सुपरवायझरने टायपिंगचा प्रोग्राम उघडून दिला. पानभर पत्र, वीस मिनिटं. एकदा टाइप करायला लागल्यावर अक्षरं तीच, बोटं तीच. सुनंदा सुटली! डोळे कागदावर, पाठ ताठ. बाकीचे अर्ध्यावर असतील तेव्हा तिची शेवटची ओळ चालू होती.

शेवटच्या ओळीत एक शब्द चुकला. बोटांना कळलं असावं, कारण डोळे कागदावरच होते. शिकवल्याप्रमाणे तिने एक शब्द मागे जायला कंट्रोल ए दाबलं.

विंडोजमध्ये कंट्रोल ए म्हणजे एक शब्द मागे नव्हे. अख्खं पान निवडलं जातं, काळं होतं. आणि त्यावर एक अक्षर जरी टाइप केलं, तर पान जातं आणि ते अक्षर राहतं.

तिने ते अक्षर टाइप केलं. मग वर बघितलं.

पडदा पांढरा. कोपऱ्यात एकच अक्षर.

जे हळू होते, बघून बघून टाइप करत होते, त्यांचं थोडं तरी वाचलं. जे सरांनी सांगितलं तसं शिकले होते, त्यांची पानं एकामागून एक कोरी होत गेली. सुनंदाने हात मांडीवर ठेवले आणि हॉलभर नजर फिरवली. ओळखीचं तोंड एकच होतं. नारळ फोडताना तिने मला बघितलं होतं.

तिला एवढंच सांगायचं होतं, "कंट्रोल झेड दाब, पोरी." गेलेलं सगळं परत आलं असतं. सात मिनिटं शिल्लक होती.

सुपरवायझर माझ्या शेजारी उभा. आणखी सहा मशिनींची ऑर्डर त्याच्या टेबलावर होती. परीक्षेत पुरवठादाराने तोंड उघडलं असतं तर बोंब झाली असती. मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर उसाच्या बैलगाड्यांसाठी शेड बांधायचं काम चाललं होतं, ते बघत राहिलो. सात मिनिटं लय मोठी असतात हो!

चौदांपैकी दोन पास झाले. दोघंही क्लासमधले सगळ्यात हळू.

* * *

वसंतराव चिडले नाहीत. दर गुरुवारी एस.टी.ने सांगलीला येऊन माझ्या दुकानातल्या विंडोजच्या मशिनीपुढे बसायला लागले. डायरीत लिहून घ्यायचे. तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, "शेठ, ह्याचा बी पाढा केलाय बघा." आणि वाचून दाखवला.

"माउस वर, डावीकडं! फाइल! एक दाबा! खाली चौथी ओळ! थांबा! बघा! एक दाबा!"

दुकानात उभी असलेली गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. वसंतरावांनी डायरी मिटली.

"न्हाई जमत," ते हळूच म्हणाले. "ह्यात प्रत्येक वेळी थांबून बघावं लागतं. आमी तर न बघता करायला शिकवलं की हो पोरांना."

पुढच्या गुरुवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. क्लासवर पंधरा पोरं राहिली, मग सहा. बारा मशिनींवर चादरी घातल्या.

* * *

आता शेवटचं सांगतो.

क्लास बंद झाल्याचं कळलं तेव्हा मी आधी निरोप धाडून साताऱ्याला त्यांच्या घरी गेलो. मशिनी परत घेईन, निम्म्या किमतीत का होईना, असं मनाशी ठरवून गेलो होतो. दुपार उतरायला लागली होती. वसंतराव सतरंजीवर बसून एक मोठी वही पुरी करत होते. लष्करी क्लार्क माणूस, आल्यागेल्याची नोंद ठेवायची सवय. प्रत्येक पोराचं नाव, गाव, कधी आला, कुठे लागला. आणि लागला नसेल तर शेवटच्या रकान्यात कारण.

मी वाचायला लागलो. 'लग्न झाले.' 'मुंबईस गेला.' 'आजारपण.' मग कारखान्याच्या परीक्षेतली बारा नावं. सगळ्यात वर सुनंदा, म्हसवड. बारांच्याही पुढे, सुबक अक्षरांत, एकच कारण. 'शिक्षकाची चूक.'

"वसंतराव, हे खोडा," मी म्हणालो. "तुमची कसली चूक?"

"मिलिटरीत खोडत न्हाईत, शेठ. चुकलं असंल तर खाली नवी ओळ लिहायची, तारीख घालायची आणि सही करायची." त्यांनी वहीचं पान हाताने सरळ केलं. "कारखान्याला विंडोजचं कोटेशन कवा दिलं होतं तुमी?"

"पाडव्याच्या सुमाराला."

"आन् मला मशिनी?"

"अक्षय तृतीयेला."

त्यांनी मान हलवली. आवाज चढला नाही, कपाळाला आठी नाही. खिशाचं पेन काढून टोपण उघडलं आणि वहीवर आडवं ठेवलं. "लिहायचं असंल तर तुमी लिहा."

मी पेन उचललं. टोपण लावून परत ठेवलं. मग म्हणालो, "वसंतराव, आम्हा जैनांचं तुम्हाला ठाऊकच आहे, सूर्य मावळायच्या आत जेवावं लागतं. निघायला पाहिजे मला."

ते आत बघून म्हणाले, "अगं, शेठचं ताट आन."

वहिनी ताट घेऊन आल्या. ज्वारीची भाकरी, घेवड्याची भाजी, आमटी. "कांदा-लसूण न्हाई घातला, भावजी," त्या म्हणाल्या. "बटाटा बी न्हाई. तुमी येणार म्हणून सकाळीच ह्यांनी सांगितलं होतं."

इतक्या वर्षांत त्या घरात मी फक्त चहा घेतला होता.

मी जेवलो. वसंतराव समोर बसून राहिले, मध्ये वही उघडी. भाकरी संपली तेव्हा वहिनींनी दुसरी वाढली, तीही खाल्ली. हात धुतले. परत येऊन बसलो तर ऊन अजून उंबऱ्यावर होतं.

मी घड्याळात बघितलं आणि म्हणालो, "सव्वासहाची गाडी मिळेल का हो?"

"मिळंल की," वसंतराव म्हणाले, आणि मला स्टँडपर्यंत पोचवायला आले.

मंडळी, तुमच्यात जो कुणी नवं दुकान टाकेल त्याला एवढंच हात जोडून सांगतो. वही ठेवाल ती खरी ठेवा.